दाजींची खरखर

दाजी कुठलाही कागद खालून वर वाचायचे. लग्नपत्रिका हातात आली की वधू कोण, वर कोण हे राहिलं बाजूला, आधी नजर तळाच्या बारीक अक्षरांवर. 'कृपया आहेर आणू नये' वाचून झालं की मग सावकाश वर सरकत सरकत गणपतीपर्यंत पोचायचे. औषधाची बाटली, एस.टी.चं तिकीट, निवडणुकीचं पत्रक, सगळ्यांची हीच गत. मला हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा हुकुमाचा कागद मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या पुढ्यात ठेवला. या गृहस्थाने तळाची टीप वाचली, "मास्तर, नेमणूक तात्पुरती आहे" एवढंच म्हटलं आणि कागद परत दिला. पेढा मात्र घेतला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शहाद्याला एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तापीकाठी वडिलार्जित केळी आणि कापूस धाकटा भाऊ बघायचा, म्हणून घरात दोन वेळा चूल पेटायची. दुकानाच्या भरवशावर राहिले असते तर बहिणीला मी कधीच माहेरी आणलं असतं. दुकानात सामान कमी आणि कागद फार. परदेशातल्या ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या कंपन्यांना दाजी सुबक इंग्रजीत पत्रं लिहायचे, की आमच्या कारखान्यात तुमचा माल वापरायचा विचार चालू आहे, तरी माहिती पाठवावी. कारखाना म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि एक टेबलफॅन, तोही बंद. पण त्या भोळ्या कंपन्या जाडजूड पाकिटं पाठवायच्या, आणि पोस्टमन ती आणताना दाजींना 'शेठ' म्हणायचा.

पाकिटात एकेका ट्रान्झिस्टरचं एकेक डेटाशीट असायचं. वर ठळक अक्षरांत कंपनीने स्वतःची आरती ओवाळून घेतलेली: खरखर अवघी चार डेसिबल. डेसिबल हे आवाज मोजायचं माप, आणि खरखर म्हणजे कोणी काही बोलत नसतानाही मशीन आपण होऊन करतं तो आवाज. दाजी तो ठळक आकडा तळहाताने झाकायचे, भिंग काढायचे आणि तळाच्या ओळीला विचारायचे, "कोणत्या अटीवर?" तळाला अटी असायच्याच. इतकाच प्रवाह, इतक्याच ओहमचा माइक, आणि तापमान पंचवीस अंश. "मास्तर, शहाद्यात पंचवीस अंश कधी असतात?" मी म्हटलं, पौषात. "मग हा ट्रान्झिस्टर पौषात खरं बोलतो. वैशाखात त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही." आकड्याशेजारी 'टिपिकल' असा शब्द दिसला की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. टिपिकल म्हणजे कंपनीने तपासणीच्या दिवशी पुढच्या बाकावर बसवलेला हुशार पोरगा, तुमच्या वाट्याला वर्गातला कोणता येईल ते ती सांगत नाही, हे त्यांनी मला, एका मास्तरला, समजावून सांगितलं. 'जास्तीत जास्त किती' हा रकाना बहुतेक शीटांत कोरा असायचा. त्या कोऱ्या जागेभोवती ते लाल पेन्सिलने गोल करायचे.

हे खूळ दुकानात राहिलं असतं तर चाललं असतं. पण दाजी माणसांचीही शीटं वाचायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी शांता, तिला बारडोलीकडचं स्थळ आलं. मध्यस्थाने मुलाचं भरभरून वर्णन केलं, मुलगा अगदी निर्व्यसनी आहे म्हणाला. दाजींनी शांतपणे विचारलं, "कोणत्या अटीवर? बाप समोर असताना का?" मध्यस्थाचा चहा बशीत सांडला. स्थळ मोडलं नाही, हे केवळ माझ्या रदबदलीमुळे. मुलगा खरोखरच निर्व्यसनी निघाला, पण दाजींनी आपला शब्द मागे घेतला नाही. अजून वैशाखात पाहिला नाही, म्हणाले.

त्यांचं आणखी एक तत्त्व होतं, आणि ते मला आजही पटतं हे इथे नाइलाजाने कबूल करतो. अँपलिफायरमध्ये एकामागे एक टप्पे असतात, पहिला टप्पा आवाज थोडा वाढवतो, दुसरा आणखी, तिसरा त्याहून. "पहिल्याने जी घाण केली ती मागचे सगळे इमानाने मोठी करत जातात. मागच्यांना कितीही चांगलं घ्या, उपयोग नाही." तालुक्याच्या एका पुढाऱ्याची सभा चालू असताना त्यांनी हे तत्त्व बाजारपेठेत, खड्या आवाजात, मला सांगितलं. वाक्यात नाव कोणाचंच नव्हतं. तरी पुढचे सहा महिने सरकारी कचेरीतला एकही रेडिओ त्यांच्याकडे दुरुस्तीला आला नाही.

आता रनाळ्याच्या लग्नाचं सांगतो. आमच्याकडे त्या काळी लग्नात लाउडस्पीकर लावला की बटण दाबताक्षणी त्यातून घूंऽऽ असा आवाज निघायचा, आणि त्या घूंवर लोकांचा भारी जीव. घूं आला की मांडवात आनंद, पोरं धावत यायची, म्हातारे मान डोलवायचे, की चला, मशीन लागलं. दाजींनी सहा महिने खपून स्वतःच्या अँपलिफायरमधून तो घूं काढून टाकला. समूळ. रनाळ्याला कर्णा बांधला, बटण दाबलं, आणि शांतता. नवरीचा मामा येऊन कर्ण्याखाली उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारता झाला, "मशीन मरेल शे का?"

दाजींनी सांगितलं, चालू आहे, शांत आहे. मामा म्हणाला, "शांत मशीन काय कामनं?" आणि नंदुरबारला जीप धाडून दुसऱ्याचं मशीन आणवलं. त्याने असा काही घूं काढला की मांडवाबाहेरचे बैल बिथरले. मामाच्या चेहऱ्यावर लग्न पार पडल्याचं समाधान दिसलं. मी दाजींबरोबर परतीच्या गाडीत होतो, वाटलं, माणूस खचला असेल. कुठलं काय! म्हणाले, मशीन चालू होतं आणि कोणाला कळलंसुद्धा नाही, याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? 

शाळेच्या अँपलिफायरची गोष्ट सांगायची म्हणजे माझंच हसं आहे, पण सांगतो. मुंबईहून टाय लावलेला एक विक्रेता आला. त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं, खरखर ऐंशी डेसिबलने खाली. या ठिकाणी आकडा जितका मोठा तितकं मशीन चांगलं, एवढं शास्त्र मला येत होतं, आणि तेवढ्या बळावर मी हेडमास्तरांना राजी केलं. संध्याकाळी पुस्तिका दाजींना दाखवली. त्यांनी तळ गाठला. "मास्तर, हे तोंड बांधून मोजलंय. माइकच्या जागी तारेचा तुकडा लावून. तोंड बांधलेला माणूस शांतच असतो." मी म्हटलं, तुम्हाला कोणाचं चांगलं बघवत नाही. मशीन आलं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं भाषण रंगात आलं असताना कर्ण्यातून एकसारखी चुरचुर सुरू होती. पाहुणे मध्येच थांबले आणि हेडमास्तरांना विचारते झाले, मागे भजी तळताहेत का? पहिल्या रांगेत दाजी डोळे मिटून बसले होते. त्यांच्या तोंडावरचं ते समाधान मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही.

इथवर हसून झालं. आता ज्यासाठी मी या माणसावर चार वर्षं दात धरून होतो ते सांगतो.

अक्काचे कान लहानपणापासून वाहायचे. शांता पाच वर्षांची झाली त्या सुमारास दोन्ही कान बंदच झाले. ओरडून उपयोग होईना, आणि अक्का हुशार, ती ओठ वाचायला शिकली. मग घरात सगळ्यांना एक सवय लागली. अक्काशी बोलताना नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. फुकट घसा कशाला शिणवा? शांता तर आईशी तासन् तास असं बिनआवाजाचं बोलायची, भांडायचीही, आणि अक्का आपल्या हळू आवाजात उत्तरं द्यायची. नव्या पाहुण्याला वाटायचं, पोर मुकी आहे. पोर कसली मुकी! बाकी जगाशी तिचं बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

शांताचं लग्न ठरलं त्या दिवसांत अक्काने मला एकदा बाजूला घेतलं. "शांतीना आवाज कसा शे रे भाऊ?" मी ओठांनी म्हटलं, गोड आहे. तिने मान हलवली. "गोड ते बठास्नाच ऱ्हास. कसा शे ते सांग."

गोड तर सगळ्यांचाच असतो, हे तिचं बरोबर होतं, पण मला सांगता येईना. सहा वर्षं पोरांना ध्वनीचा धडा शिकवणारा मी, माझ्या भाचीचा आवाज कसा आहे ते बहिणीला सांगू शकलो नाही. अक्काला आठवत होता तो पाच वर्षांच्या पोरीचा बोबडा आवाज, आणि ती पोर आता सासरी निघाली होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तसा तो दाजींचा आला.

कारण उपाय होता. चार वर्षांपूर्वीच मी अक्काला धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, पडदे गेले आहेत पण आतली नस शाबूत आहे, कानाला लावायचं यंत्र द्या, ऐकू येईल. मी मुंबईहून यंत्र मागवायला निघालो तर दाजी आडवे. आधी त्याचं शीट बघू. कंपनीला पत्र गेलं. कंपनीने एका हसऱ्या बाईचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, स्पष्ट व सुमधुर आवाज. खरखर किती, अवाक्षर नाही. दाजी म्हणाले, जी कंपनी खरखर सांगत नाही ती माझ्या बायकोच्या कानात काय ओतेल याचा नेम नाही. यंत्र मीच करीन.

पहिलं वर्ष ट्रान्झिस्टर निवडण्यात गेलं. निवडला तोवर दुसऱ्या कंपनीचं शीट आलं, त्यात अर्धा डेसिबल कमी. तो मागवला तर त्याच्या अटी जाचक. तिसऱ्या वर्षी माठाचं प्रकरण. उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर तापतो आणि खरखर वाढते, म्हणून हा माणूस रबरी पिशवीत ट्रान्झिस्टर घालून पिण्याच्या पाण्याच्या माठात सोडायचा, दोन तारा बाहेर काढायचा आणि कानाला इअरफोन लावून घडवंचीशेजारी उकिडवा बसायचा. घरात दुपारभर कोणाला गार पाणी नाही. थंडाव्याने खरखर खरोखरच उतरायची, आणि दाजी आनंदाने अक्काकडे बघायचे. अक्का माठाकडे बघायची. बायकोने माठात बसून ऐकायचं का, असं मी विचारलं, तर ते विचारात पडले.

अखेर चौथ्या वर्षी, फाल्गुनात, शांताच्या लग्नाला दहा दिवस उरले असताना, यंत्र तयार झालं. साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवलेलं, एका बाजूला माइकची जाळी, एका तारेला कानात घालायचा इअरफोन. मला मुद्दाम बोलावणं आलं. अक्का पदर सावरून पाटावर बसली, जशी काही ओवाळायलाच बसवलीय. शांता समोर. दाजींनी इअरफोन अक्काच्या कानात घातला, कंबरेला डबी खोवून दिली आणि बटण सरकवलं. अक्काचे डोळे मोठे झाले. ती दाराकडे बघायला लागली, मग मागच्या पडवीकडे, आणि म्हणाली, "कोन पाखडी ऱ्हायनं?"

कोणी पाखडत नव्हतं. सूप खुंटीला होतं. अक्काला ऐकू येत होती ती खरखर, सुपात बाजरी घोळवावी तशी. पण तेरा वर्षांनी तिच्या कानात काहीतरी शिरलं होतं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी बोलायला तोंड उघडलं. अक्का, असं म्हणणार होतो. तेवढ्यात दाजींनी इअरफोन ओढून काढला. स्वतःच्या कानाला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, असं नाही चालणार. अहो, एक शब्द तरी! नाही. कोणी एक अक्षर बोलायच्या आत डबी टेबलावर गेली, झाकण उघडलं आणि सोल्डरिंग आयर्न तापायला लागला.

दहा दिवसांत दुरुस्त करतो म्हणाले. दहाव्या दिवशी डबीचे सत्तावीस भाग सत्तावीस बशांत होते, लग्नघरात पाहुण्यांना बश्या कमी पडल्या. मंगलाष्टकं झाली, ती अक्काने भटजींच्या ओठांवर बघितली. निघताना शांता आईच्या गळ्यात पडून रडली, मांडवातल्या बायका तिच्या रडण्याने रडल्या, आणि जिच्यासाठी ती रडत होती तिला फक्त खांदे हललेले कळले. गाडी गेली. मी सरळ दुकान गाठलं आणि दाजींना आयुष्यात पहिल्यांदा वाटेल ते बोललो. तुम्हाला बायको नको, शीट हवं. तुमच्या डेसिबलपायी पोरीचा आवाज न ऐकता आईने पोर वाटे लावली. दाजींनी चिमट्याने एक तार उचलली आणि शुद्ध मराठीत मला सांगितलं की हा ट्रान्झिस्टर अडतीस अंशांना आपला आकडा पाळत नाही, यात त्यांचा दोष नाही.

माझ्या मागोमाग अक्का आली होती हे मला माहीत नव्हतं. लग्नातल्या लुगड्यातच होती. आमच्या ओठांवरून तिला जे कळायचं ते कळलं असावं. तिने टेबलावरची मोकळी डबी उचलून दाजींसमोर धरली. "हाई डबी मन्हा कानसाठे शे का तुमना कानसाठे?"

एवढंच म्हणाली आणि डबी ठेवून गेली. दाजींनी चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "मास्तर, अट वाचायची राहिली." मी काही विचारलं नाही तरी सांगत गेले. खरखर मोजली ती त्यांनी स्वतःच्या कानाने, तिखट कानाने. त्या कानाला ती असह्य. अक्काच्या कानात तीच खरखर पाझरून पाझरून थोडकी पोचणार, आणि माणसाचा आवाज तिच्या कितीतरी वर राहणार. हे काही अवघड शास्त्र नव्हे, शाळेतल्या पोरालाही समजेल. जगातल्या प्रत्येक कंपनीला 'कोणत्या अटीवर?' विचारणाऱ्या या विद्वानाने कान कोणाचा हे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला त्यांना आणखी बोलायचं होतं, पण त्यांनी ती मोकळी डबी पुढ्यात ओढून घेतली होती, म्हणून मी उठलो. आखाजीला शांता येईल तेव्हा डबी तयार असेल, असं ते मागून म्हणाले. मी विश्वास ठेवला नाही.

आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, अंगणात निंबाला झोके बांधतात आणि वैशाखातल्या उन्हाला न जुमानता गाणी म्हणतात. शांता आली ती आदल्या दिवशी. सणाच्या दुपारी दाजींनी डबी आणली. तोच ट्रान्झिस्टर, तेच सत्तावीस भाग, काही बदललेलं नाही. उलट उकाड्याने खरखर वाढलीच असणार. अक्का झोक्याजवळच्या बाजेवर बसली, इअरफोन स्वतःच्या हाताने घातला, बटण स्वतः सरकवलं. आम्ही सगळे गप्प. शांता पुढे झाली, आईचा हात धरला आणि बोलायला लागली.

अक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने डबी हलवली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नुसतं पाखडस," ती म्हणाली.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला.  डॉक्टर चुकले, नस गेली असणार, चार वर्षं उशीर झाला, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. दाजी खाली वाकले आणि डबी काढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. उघडून बघतो, असं तेही सवयीने नुसत्या ओठांनीच म्हणत होते. आणि तेव्हा शांता बापावर कडाडली, "आप्पा, त्या डबीले हात लावू नका!"

अक्का दचकून बाजेवरून उभी राहिली. तिने दारातून घरात बघितलं, जिथे भिंतीवर तिच्या सासूचा हार घातलेला फोटो होता. मग लेकीकडे. मग परत फोटोकडे. "वं माय," ती म्हणाली, "हाई ते मन्ही सासूच बोली ऱ्हायनी."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. शांता आत्तापर्यंत आईशी बोलत होती ती तिच्या सवयीने, नुसते ओठ हलवून. डबीने ऐकवायचं तरी काय! आवाज तिने काढला तो बापावर ओरडताना, आणि तो थेट दाजींच्या आईचा निघाला. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण तिचा दरारा अजून त्या घरात होता. दाजींना असं खडसावण्याची छाती तिच्याशिवाय कोणाची झाली नव्हती. अक्का हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आयुष्यभर जिच्या आवाजाला भ्यायले तोच मी पोटातून काढला, असं काहीतरी ती बोलत होती. शांताला धड बोलता येईना, आईसमोर आवाज काढायचा म्हणजे तिला लाज वाटत होती. अक्का म्हणत होती, बोल, आणखी बोल, शिव्या दे, पण बोल. दाजी निंबाच्या बुंध्याला टेकून उभे होते आणि धोतराच्या सोग्याने भिंग पुसत होते. भिंगाची तिथे काहीच गरज नव्हती.

काही दिवसांनी डबीतले सेल बदलायला मी झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला कागदाचा चतकोर डकवलेला. दाजींनी आपल्या यंत्राचं शीट केलं होतं, रीतसर, रकाने आखून. खरखरीपुढे आकडा नव्हता. 'आहे' असं लिहिलं होतं. आणि तळाला, भिंग लागावं इतक्या बारीक अक्षरांत: अट, शांताच्या आईचा कान. मी झाकण लावून टाकलं आणि या गोष्टीचा उल्लेख दोघांजवळही केला नाही.

दाजी सुधारले असं मात्र कोणी समजू नये. परदेशची पाकिटं येतच राहिली, रनाळेकरांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि माझी नेमणूक कायम झाल्याचा कागदही त्यांनी खालूनच वाचला. पुढे तीनेक वर्षांनी छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, साधारणपणे प्रकृती ठीक आहे. दाजींनी खाटेवरून विचारलं, साधारणपणे नको, वाईटात वाईट काय ते सांगा. डॉक्टर गप्प बसले. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "रकाना कोरा." त्याच आठवड्यात ते गेले. नवऱ्याचं नाव कधी न घेणारी अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच सांगायची, "त्या गयात."

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. शांताही सासरी गेली. मी संध्याकाळी अक्काकडे गेलो तर ती पडवीत एकटीच बसलेली, कानात इअरफोन, कंबरेला डबी चालू. घरात बोलायला कोणी नव्हतं, रेडिओ बंद होता, गल्लीतही सामसूम. नुसती खरखर ऐकत बसली होती. मी समोर बसलो आणि जुन्या सवयीने ओठांनीच म्हटलं, अक्का, कोणी बोलत नाहीये, बंद कर ती डबी, सेल संपतील.

तिने बटणावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या पाखडी ऱ्हायनात."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी बाजारातून सेलांचा एक जोड घेतला आणि तिच्या देवळीत ठेवून आलो.